शब्बाथला रडायचं नसतं

सामू, भांडण अर्ध्यावर टाकून जायची तुझी खोड जुनीच, पण या वेळी तू कहर केलास. त्या शुक्रवारी सकाळी मी ओट्यापाशी उभी राहून तुला विचारलं होतं, "मला जर काहीच लागू नाही, तर मी या घरात आहे तरी कोण? भाडेकरू?" तू हातातलं वालाचं मापटं खाली ठेवलंस, चष्मा कपाळावर सरकवलास आणि म्हणालास, "शब्बाथ होऊ दे, मग बोलू." दुपारी साडेतीनला तू खुर्चीत बसल्या बसल्या गेलास. चहा निम्मा तसाच होता. डॉक्टर म्हणाले, कळलंसुद्धा नसेल त्यांना. तुला कळलं नसेल, पण मला कळलं ना.

आज दहा दिवस झाले. शब्बाथ एक सोडून दोन होऊन गेले. तू येत नाहीस म्हटल्यावर मीच बोलायला बसले आहे. चारचौघांत मी तुला अहो-जाहो करत आले, पण कागदावर मला तू म्हणू दे.

तू कोण आहेस हे लोकांना समजावण्यात माझी निम्मी हयात गेली. "यहुदी म्हणजे ख्रिश्चनांतलेच ना?" "इस्रायलचे म्हणता, मग मराठी कसं काय बोलतात हो?" मी प्रत्येकाला सांगायची की यांचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे, शनिवारी शब्बाथ म्हणून घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. आजोबा रेल्वेच्या नोकरीत सोलापूरला आले आणि राहिले. तू मात्र असा काही हसायचास की जणू मी दुसऱ्याच कुणाची माहिती देते आहे. तुला स्वतःची ओळख करून द्यायचा भारी कंटाळा. कारखान्यात तू नक्षीवाला होतास, आलेखाच्या कागदावर चौकटी रंगवून टॉवेलवर मोर उतरवणारा, आणि तेवढी ओळख तुला पुरायची.

त्या मोरावरूनच आपलं पहिलं भांडण झालं. मी शिलाई खात्यात होते. वळसंगची लिंगायताची पोर, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि तोंड दोन्ही भाषांत फटकळ. तुझ्या मोराची मान दुमडपट्टीत जात होती. मी टॉवेल घेऊन तुझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "हा मोर आहे की कोंबडी?" तू कागद काढलास, चौकटी मोजल्यास आणि म्हणालास, "चार घरं चुकली. तुम्ही नसता सांगितलं तर पाचशे कोंबड्या बाजारात गेल्या असत्या." चूक इतक्या सरळ कबूल करणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता.

मग आप्पा. दुसरा कुणी असता तर माझ्या वडिलांसमोर आलाच नसता. आप्पांनी तुला एकच विचारलं, "पोरीच्या गळ्यातलं लिंग काढायला लावशील का?" मी दाराआड उभी होते. तू म्हणालास, "नाही. कधीच नाही. शब्द देतो." आप्पा उठले आणि आतून तुझ्यासाठी ताक घेऊन आले. नोंदणी करून आपलं लग्न झालं. मला तेव्हा तुझा इतका अभिमान वाटला की काय सांगू. त्या एका शब्दाने माझ्यासाठी कोणतं दार बंद झालं, ते समजायला पुढे बरीच वर्षं लागली.

तू शब्द पाळलास. मला कधीही 'ये आमच्यात' म्हणाला नाहीस. शुक्रवारी संध्याकाळी मी दिवे लावायची, मंत्र तू म्हणायचास. मनुकांचं सरबत मी करायची, त्यावरची प्रार्थना तुझी. उपास मी धरला की तू प्रेमाने म्हणायचास, "तुला लागू नाही गं, तू जेव." पहिल्या वर्षी ते वाक्य मला फार गोड वाटलं होतं. सासुरवास नसलेली सासुरवाशीण मी! दहाव्या वर्षी ते टोचायला लागलं. पुढे पुढे तर मी उपास करायची तो तुझ्या त्या वाक्यावर चिडून. आता बोलतेच आहे तर सांगते. मी वाट पाहत होते. तू एकदा जरी विचारलं असतंस तरी मी हो म्हणाले असते. पण आपण होऊन मागायला माझा स्वाभिमान आडवा यायचा, आणि विचारायला तुझा शब्द. दोघंही मानी, त्यामुळे एकाच घरात दोन अंगणं राहिली.

आणि सगळ्यात मोठं भांडण कशावरून, तर तुमच्या त्या उपासावरून. यरुशलेमचं मंदिर दोन वेळा पडलं, त्याचा शोक तुम्ही एक दिवस कडक उपास करून पाळता. तुमच्या घरी तो सोडताना वालाचं बिरडं खातात, म्हणून तुम्ही त्याला बिरड्याचा सण म्हणता. एरवी माझी काही तक्रार नव्हती. पण काही वर्षी ती तिथी नेमकी शनिवारी येते. शनिवारी शब्बाथ, शुक्रवारच्या दिवेलागणीपासूनच लागलेला, आणि शब्बाथला शोक करायचा नाही म्हणजे नाहीच. मग उपास रविवारवर ढकलायचा. शनिवारी चांगले कपडे घालायचे, तिन्ही वेळा नीट जेवायचं, गोडधोडसुद्धा चालतं, आणि सूर्य बुडताक्षणी पाणीदेखील बंद.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी तुला म्हणाले होते, "म्हणजे तिथी आजची आणि रडणं उद्याचं? उद्या घरात मयत झाली तरी असंच करणार?"

"असंच करायचं. शब्बाथला मयत उचलतही नाहीत."

"आणि ज्याचं माणूस गेलं त्याने काय करायचं?"

"थांबायचं. रडं कुठं पळून जातंय?"

मी तुला दगड म्हणाले. तू शेंगाचटणीची बरणी पुढे ओढलीस आणि म्हणालास, "हे बघ, ताजं दूध थांबत नाही, चटणी थांबते. आनंद नासतो, त्याला आजच्या आज वाढायला लागतं. दुःख टिकाऊ आहे, त्याला एक दिवस बसवून ठेवलं तर काही बिघडत नाही." मी म्हणाले, "चटणीलाही खवट वास येतो म्हटलं, महिनाभर ठेवली तर." आपलं ते भांडण दर अशा वर्षी तिथूनच पुढे सुरू व्हायचं.

वालाचंही तेच. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग सोलायचे, दोन दिवसांचा कुटाणा. उपास रविवारी आला की शुक्रवारी दिवे लागायच्या आत वाल फडक्यात बांधलेच पाहिजेत, कारण शनिवारी सोलायचं नाही, निवडायचं नाही, मोडांवर पाणी शिंपडायचं नाही. ते म्हणे बीला पाणी घालून शेती केल्यासारखं होतं. इथे सोलापूरची हवा, दुपारपर्यंत फडकं कडकडीत वाळतं. मोड मरतील, वास मारील. तरी आपलं बिरडं दर वेळी सुरेख व्हायचं आणि तू पाहुण्यांना सांगायचास, "बघा, नियम पाळला की देव सांभाळतो."

सामू, देव नव्हता तो. शनिवारी दुपारी मी चोरून पाण्याचे हबके मारायची. आणि तुला ते ठाऊक होतं, हेही मला ठाऊक होतं. एरवी दुपारी न झोपणारा तू त्याच शनिवारी बरोबर दोन वाजता भिंतीकडे तोंड करून आडवा व्हायचास. दुसऱ्याकडून करून घेणंही तुम्हाला मना, म्हणून तू मला सांगू शकत नव्हतास, आणि मी केलं तर पाहू शकत नव्हतास. आपल्या संसारातली ही एक लबाडी मला सगळ्यात जास्त आवडायची. ती तुझ्यासमोर कबूल करून आपण दोघं एकदा पोट धरून हसायला हवं होतं.

यंदाही तिथी शनिवारी आली. तुझी साखर वाढलेली, डॉक्टरांनी उपासाला साफ नाही सांगितलेलं. तुमच्यातल्या जाणत्या माणसानेही फोनवर सांगितलं होतं की उपास पुढे ढकललेला असला तर आजाऱ्याला जास्तच सूट आहे. तरी तू हट्टाला पेटलास. "मी धरणार. तू जेव, तुला लागू नाही." त्यावर मी ते भाडेकरूचं बोलले. वाल तू भिजवलेस, मी नाही. रागाने मी त्यांना हातही लावला नाही.

साडेपाचला मी रूबेनभावजींना पुण्याला फोन केला. तुझा धाकटा भाऊ तुटक तुटक म्हणाला, "वहिनी, आता निघालो तरी वाटेतच शब्बाथ लागेल. उद्या काहीच करता येणार नाही. रविवारी सकाळी प्रार्थनेला लागतात ती दहा माणसं घेऊन येतो, तिथंच बाबांच्या शेजारी दफन करू." मी हो म्हणाले. मग तो म्हणाला, "उद्या आम्हाला दुखवटा धरता येत नाही. तुमचं तसं नाही. तुम्ही मोकळ्या आहात, वहिनी. रडा."

त्याने हे मायेनेच म्हटलं. पण फोन ठेवला आणि मला वाटलं की कुणीतरी मला घराबाहेर काढून आतून कडी लावली. बाहेर मोकळं होतं ना, त्याच्या म्हणण्याप्रमाणे.

तुला भाड्याच्या थंड पेटीत ठेवलं. बैठकीत ती पेटी रात्रंदिवस घुमत होती. मी वाल उपसून फडक्यात बांधले, खिळ्याला अडकवले. मग दिवे लावले. तुझा मंत्र मला तोंडपाठ आहे, इतकी वर्षं ऐकला आहे. पण म्हणायचा की नाही ते कळेना. ओठ हलवले, आवाज काढला नाही.

शनिवारी सकाळी मी अंघोळ केली आणि इरकल नेसले. डाळिंबी, तू घेतलेली. शब्बाथला मी चांगलंच नेसते. केस नीट बांधले, डोळ्यांतलं पाणी परत आत ढकललं आणि तुझ्या पेटीशेजारी खुर्ची घेऊन बसले. नऊच्या सुमारास वळसंगहून माझी थोरली बहीण शांताक्का आली. रिक्षातून उतरल्यापासूनच तिचा सूर लागला होता. "अय्यय्यो शिवा, सामण्णाऽ!" दारात आली, मला पाहिलं आणि तिचं रडणं जागीच थांबलं.

"आगं देवे, मानूस घरात पडलंय आन् तू इरकल निसून बसलीस व्हय?"

"आज शब्बाथ आहे, अक्का."

"आसू दे की! त्यो त्येंचा. तुजा काय संबंध? लोकं काय म्हंतील?" तिने माझं डोकं छातीशी धरलं. "रड गं. मोकळी हो बाई."

"उद्या रडते."

"उद्या?" शांताक्काने मला दूर धरून निरखलं. डोक्यावर परिणाम झाला की काय, असं तिला वाटलं असणार. "रडं कुटं उद्यावर ढकलत्यात काय?"

माझंच वाक्य, सामू! इतकी वर्षं तुझ्या तोंडावर मारलेलं. आणि मी काय म्हणाले असेन? "रडं कुठं पळून जातंय, अक्का?" तू पेटीत पडून ऐकत असशील तर खूश झाला असशील. वाद जिंकायला माणसाने किती खाली उतरावं याला काही मर्यादा?

दिवसभर लोक येत होते. येणारा प्रत्येक जण आधी तुला बघायचा, मग माझ्या साडीला. शेजारणी कुजबुजत होत्या. मी रडत नव्हते म्हणून त्यांनाही रडता येईना. न्याहारी सकाळीच केली होती, बारा वाजता मी आत जाऊन पोळी-भाजी खाल्ली. चारला नारळाच्या दुधातला शिरा खाल्ला, मी शुक्रवारी सकाळी तुझ्यासाठी करून ठेवलेला. प्रत्येक घास पाण्याने ढकलला. तू म्हणायचास तसं तिन्ही वेळा नीट जेवले. हे मी तुझ्यावरच्या प्रेमाने केलं की तुझ्यावरच्या रागाने, ते मला अजून कळलेलं नाही. एवढंच माहीत आहे की रडले असते तर रूबेनभावजी खरा ठरला असता.

दुपारी दोनला मी पाण्याची वाटी घेऊन वालांपाशी गेले. फडकं वाळलं होतं. हबका मारावा तर मी बाहेरची, मला काय, मला कुठे शब्बाथ लागू आहे! न मारावा तर तुझे शेवटचे वाल मरणार. किती वेळ तिथे उभी होते कुणास ठाऊक. बैठकीतून पेटीची घरघर येत होती. आज भिंतीकडे तोंड करून झोपणारं कुणी नव्हतं. वाटीतलं पाणी मीच पिऊन टाकलं आणि बाहेर येऊन बसले.

सूर्य बुडाला तेव्हा मला वाटलं होतं की आता बांध फुटेल. उपास लागला, शोक सुरू झाला, आता परवानगी आहे. पण रडू येईना. दिवसभर दाबलेलं पार आत जाऊन बसलं होतं. मी तुला विचारते, हे तुमच्या कायद्यात कुठे लिहिलं आहे का? थांबवून ठेवलेलं दुःख हाक मारली की येतं, असं कोण म्हणालं तुला?

रविवारी सकाळी रूबेनभावजी, त्याची बायको डायना आणि पुण्याची माणसं आली. सगळे उपाशी, त्या दिवशी चामडं वर्ज्य म्हणून पायांत कापडी चपला. जुन्या दफनभूमीच्या कडेला तुमच्या चार-पाच कबरी, तिथे खड्डा तयार होता. दफनाआधी जवळच्यांचा कपडा फाडतात. आई, बाप, मुलं, भावंडं, नवरा, बायको. तूच मला शिकवलं होतंस. प्रार्थना म्हणणारे म्हातारे काका हातात पातं घेऊन आले. रूबेनभावजीच्या शर्टाची कॉलर त्यांनी कापली, मग त्याने ती हाताने खाली फाडली. काका माझ्याकडे वळले. मी पदर पुढे धरला. त्यांनी रूबेनभावजीकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. काकांनी पातं मिटलं आणि खिशात ठेवलं.

फटकळ म्हणून अख्ख्या कारखान्यात नाव काढलेली मी, पदर हातात धरून तशीच उभी राहिले.

संध्याकाळी चांदण्या दिसल्यावर उपास सुटला. डायना स्वयंपाकघरात आली. "वहिनी, अंडी उकडाल का? दफनानंतरचं पहिलं जेवण त्यांनी आपल्या घरचं खायचं नसतं. बाहेरच्या माणसाने द्यावं लागतं." मी अंडी उकडली, सोलली, पावाबरोबर बशीत ठेवली आणि नेऊन दिली. बाहेरचं माणूस म्हणजे मी होते, सामू. तुझ्याच ओट्यापाशी. माझं पहिलं जेवण मला कुणी दिलं नाही, कारण माझं असं काही गेलंच नव्हतं.

बिरडं मात्र झालं होतं. मोड चांगले लांब आलेले. मी दचकून शांताक्काकडे पाहिलं. ती म्हणाली, "वाळायलं होतं की कालच्याला. मारलं दोन हबकं पान्याचं. तुमी तिकडं मातीला गेल्याव सोलून टाकलं. आता काय, हातानं टाकून द्यायचं व्हय?" रूबेनभावजी जेवताना म्हणाला, "दादाच्या घरचं बिरडं कधी बिघडत नाही." मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

तुझ्या माणसांनी ठरवलं की माणूस जिथे राहिला तिथेच सात दिवस दुखवट्याला बसायचं. बैठकीत खुर्च्या कडेला सारून जमिनीवर चटई टाकली. रूबेनभावजी चटईवर. येणारा माणूस त्याच्यासमोर बसायचा, त्याचा हात धरायचा, त्याला म्हणायचा, "फार वाईट झालं." कारखान्याचे मालक आले, ते तर त्याला ओळखतही नव्हते, तरी त्याच्याच गळ्यात पडले. आणि मी आतून चहा आणत होते. सोमवार चहा, मंगळवार चहा. दुखवट्यात बसलेल्याने चूल बघायची नसते, त्याला दुसऱ्यांनी वाढायचं असतं. मी वाढत होते. दिवसाला चाळीस कप विसळताना मला वाटायचं की मी तुझ्या लग्नाला आलेली आचारीण आहे.

मी रात्री शांताक्काला म्हणाले, "मी बसू का गं चटईवर?"

ती गोंधळली. "कशाला? आपल्यात सूतक नसतंय की. आप्पा गेलं, तिसऱ्या दिशी आपन शेतात हुतो. लिंगैक्य झालेल्याचं सूतक कसलं?"

खरंच आहे. माझं माहेर सूतक मानत नाही आणि सासर मला मानत नाही. शोक करायला मला या जगात जागाच उरली नव्हती. बाकी सगळ्या गोष्टी मी दोन-दोन घरांत वाटून घेतल्या, भाषा, देव, जेवण. याच एका गोष्टीच्या वेळी दोन्ही घरांच्या मधल्या बोळात मी अडकले.

बुधवारी सकाळी चहाचा ट्रे घेऊन मी बैठकीत आले. रूबेनभावजीची फाटकी कॉलर समोर लोंबत होती. माझ्या आत काय झालं ते मला सांगता येणार नाही. मी ट्रे खुर्चीवर ठेवला. उभ्या उभ्याच पदराचा काठ दोन्ही हातांनी धरला आणि फाडला. सुती साडी, पण काठ चिवट असतो, पहिल्या झटक्याला फाटेना. दात लावावे लागले. मग टर्र करून वीतभर फाटला. खोलीत आलेली माणसं बघत राहिली. मी खाली बसले, चटईच्या कडेला, निम्मी फरशीवर.

रूबेनभावजी माझ्याकडे बघत होता. तुझ्यासारखेच डोळे, फक्त चष्मा नाही. मला वाटलं, आता म्हणेल. काय म्हणेल तेही मला पाठ होतं. पण तो थोडा सरकला, चटई माझ्या बाजूला ओढली आणि पुन्हा प्रार्थनेच्या पुस्तकात पाहू लागला. डायनाने ट्रे उचलला. थोड्या वेळाने तिने मला कप आणून दिला. आयता चहा. मी तो घेतला आणि मग रडले, सामू. पाच दिवसांनी. हुंदके देऊन, तोंड वेडंवाकडं करून, नाक पुसायचं भान न ठेवता. शांताक्का दारात येऊन बघून गेली आणि म्हणाली, "आता कसं!"

बुधवार गेला, गुरुवार गेला. मी बसून होते. लोक आता दोघांसमोर बसायचे. कुणी मला म्हणालं की साहेब मोर फार छान काढायचे. मी म्हणाले, पहिल्यांदा कोंबडी काढली होती. लोक हसले, मीही हसले आणि परत रडले. मला त्या चटईची सवय झाली. खरं सांगू? मला तिथून उठायचंच नव्हतं. उठलं की ओटा, कप, रिकामी खुर्ची, तुझा चष्मा. चटईवर निदान तू अजून जायचा होतास.

शुक्रवारी ऊन कलायला लागलं. रूबेनभावजीने पुस्तक मिटलं आणि उठून अंघोळीला गेला. बाहेर आला तो इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. फाटका शर्ट त्याने घडी करून बाजूला ठेवला होता. मी फाटक्या पदराने चटईवर तशीच. म्हटलं, यांचं झालं असेल, शब्बाथ यांचा. माझं मला बसू दे. मी मोकळी आहे.

तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मोठ्या भावाच्या बायकोला काही सांगायची त्या घराण्यात पद्धत नाही, त्यामुळे त्याला जड जात होतं.

"वहिनी, उठा."

"मला बसायचंय, भावजी."

"नाही बसता येणार. शब्बाथ लागतोय. आता उद्या सकाळपर्यंत दुखवटा धरायचा नाही, आणि मग सात दिवसही संपतात." त्याने क्षणभर खिडकीबाहेर उन्हाकडे पाहिलं. "दादा असता तर त्याने मला उठवलं असतं. आता मी मोठा. दोघांनाही उठायला लागेल. तुम्ही बसून राहिलात तर ते चुकीचं होईल, वहिनी. तुम्हाला मना आहे."

सामू, संसाराच्या इतक्या वर्षांत तुमच्या कायद्याने मला कधी काही मना केलं नव्हतं.

मला ओरडून सांगावंसं वाटलं की तीन दिवसच झालेत मला, माझे सात अजून भरलेले नाहीत, मला अजून रडायचंय, हा कुठला न्याय! पण मी हात पुढे केला. भावजीने मला धरून उठवलं. गुडघे आखडले होते. मी आत गेले, फाटकी साडी सोडली आणि डाळिंबी इरकल नेसले. मग दिवे लावले, आणि तुझा मंत्र मोठ्याने म्हटला.